कॅडो माउंड्स, ईस्ट टेक्सास: खापरं बघायला ह्यूस्टनहून अडीच तास ड्राइव्ह, जावं का?

"एवढ्या लांब खापरं बघायला आणलंस होय गं?"

पार्किंगमध्ये उतरल्या उतरल्या आईंचा पहिला डायलॉग. आई म्हणजे सासूबाई, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात, आणि एव्हाना ह्यूस्टनचं स्पेस सेंटर, गॅल्व्हेस्टनचा बीच, मंदिरं सगळं करून झालंय, त्यामुळे यावेळी प्लॅन माझ्या आवडीचा. नवऱ्याचं म्हणणं होतं की तू संगमनेरची म्हणून तुला खापरं दिसली की भरून येतं, आमचा काय गुन्हा. चिरंजीव वय वर्षं दहा, त्याला फक्त गाडीत टॅब मिळणार होता म्हणून तो खूश.

तर जागा अशी. अल्टो नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या पश्चिमेला हायवे २१ ला लागून हे कॅडो माउंड्स स्टेट हिस्टॉरिक साइट. नॅकोडोचेसपासून साधारण अर्धा तास. टेक्सास हिस्टॉरिकल कमिशन चालवतं. समोर बघाल तर मोठं गवताळ रान, पाइनची झाडं आणि मधे तीन टेकाडं, बास. ज्यांना मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाच्या पिरॅमिडछाप काहीतरी बघायची सवय आहे ते इथे पाच मिनिटांत म्हणणार हे काय. पण ती टेकाडं नैसर्गिक नाहीत, माणसांनी टोपल्यांनी माती वाहून रचलीत, ना बैल ना घोडा ना चाक, आणि ती माती जिथून काढली तो खड्डा पण अजून तिथे दिसतो. दोन देवळांची, एक दफनाचं. इसवी सन ८०० च्या आसपास कॅडो लोक, म्हणजे इथल्या मूळ अमेरिकन जमातींपैकी एक, इथे आले आणि तेराव्या शतकात कधीतरी सोडून गेले, म्हणजे इकडे ज्ञानेश्वरी लिहिली जात होती त्याच्या आगेमागे. हे मी आईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा जरा नीट बघायला लागल्या.

आता टेकाडांबद्दल बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, मी लिहिणार खापरांबद्दल. कारण माझं म्हणणं असं आहे की इथे येऊन फक्त अखंड भांडी बघून "वॉव ब्युटिफुल" करून परत जाणारे लोक खरी गोष्ट सोडून जातात.

एक प्रसंग सांगते. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळी पायवाट ओली. चिरंजीव पुढे पळत होते, एकदम थांबले, "मम्मा इथे मडकं फुटलंय." खाली बघितलं तर खरंच, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा तुकडा, चॉकलेटी, एक बाजू मातीत रुतलेली. तो उचलणार तेवढ्यात मागून येणाऱ्या एक बाई ओरडल्या, रागाने नाही पण मोठ्याने. त्या तिथल्या व्हॉलंटिअर निघाल्या. आम्हाला वाटलं आता लेक्चर मिळणार, पण त्या गुडघ्यावर बसल्या, पोराला पण बसवलं, आणि न उचलता आम्हाला तो तुकडा दाखवला. त्यावर लहान लहान चंद्रकोरी होत्या, ओळीने, एकाशेजारी एक, चार-पाच. नखाच्या खुणा. मडकं ओलं असताना कुणीतरी नख दाबत दाबत गेलंय. या नक्षीच्या प्रकाराला आर्किऑलॉजीवाल्यांनी चक्क नाव दिलंय, वीचेस फिंगरनेल इम्प्रेस्ड, वीचेस हे जवळच्याच गावाचं नाव.

आई वाकून बघत होत्या, म्हणाल्या, "अगं ह्या तर नखुल्या!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लग्नाच्या रुखवतात गव्हले, मालत्या, नखुल्या ठेवतात ना, त्यातली नखुली. कणकेचा बारीक तुकडा नखावर दाबून वळवायचा. आमच्या आईंनी अख्खं आयुष्य दर लग्नसराईत हे केलंय. मग त्यांनी स्वतःचं बोट त्या खुणेच्या वर धरलं, स्पर्श न करता, आणि म्हणाल्या हात लहान होता हो तिचा. "तिचा" म्हणाल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना की कॅडो लोकांत भांडी मुख्यतः बायका घडवायच्या. मी तेव्हा काही बोलले नाही, पण अडीच तासांचा ड्राइव्ह तिथेच वसूल झाला माझा.

तुकडा तिथेच राहिला. व्हॉलंटिअर बाईंनी जागा लिहून घेतली, आणि पोराला नीट समजावलं की ही सरकारी जमीन आहे, इथलं काही उचललं तर कायद्याने गुन्हा, टेक्सासचा अँटिक्विटीज कोड १९६९ पासून आहे. पण त्याहून महत्त्वाचं त्या जे बोलल्या ते म्हणजे तुकडा जिथे पडलाय ती जागा हीच अर्धी माहिती असते. उचलून खिशात घातला की उरतो फक्त मातीचा तुकडा.

आता आत म्युझियममध्ये. इथे आधीची इमारत होती ती १३ एप्रिल २०१९ ला टोर्नेडोत उद्ध्वस्त झाली, त्या दिवशी नेमका कॅडो कल्चर डे होता, ओक्लाहोमाहून कॅडो मंडळी आलेली, माणसं जखमी झाली, जीवही गेला. पारंपरिक पद्धतीने उभारलेलं गवताचं घर भुईसपाट झालं. नंतर ते परत बांधलं, आणि आताची इमारत पण नवीन आहे. स्वच्छ, एसी जोरात, टॉयलेट चांगली (वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हे आधी विचारतात सगळे म्हणून सांगितलं). गवताचं घर बाहेरून एखाद्या भल्यामोठ्या मधमाशीच्या पोळ्यासारखं दिसतं, आत शिरलं की उन्हाळ्यात पण गार.

आत बघताना माझी एक टिप. नक्षीची रेघ दोन प्रकारची असते आणि फरक एकदा कळला की मग मजा येते. एक म्हणजे ओल्या मातीवर काडीने ओढलेली रेघ, तिच्या कडा मऊ असतात, माती बाजूला सरकून जरा उचललेली दिसते, आपल्या सोसायटीत ओल्या सिमेंटवर पोरं नावं लिहितात तशी. दुसरी म्हणजे मडकं वाळल्यावर किंवा भाजल्यावर टोकदार दगडाने कोरलेली, तिच्या कडा धारदार, मधेच टवके उडालेले, शाळेत बाकावर कर्कटकाने नाव कोरायचो तशी. पहिल्या प्रकारची बहुतेक रोजच्या स्वयंपाकाची जाड मडकी, दुसऱ्या प्रकारची म्हणजे खास वाडगे आणि उंच मानेच्या सुरया, पातळ, काळ्या, दगडाने घासून घासून चकाकी आणलेल्या. आणि कोरलेल्या रेघेत लाल नाहीतर पांढरा रंग चोळून भरायचे, लाल म्हणजे गेरूसारखी माती. हजार वर्षांनी पण काही रेघांत तो लाल रंग टिकून राहतो. भिंगाने बघा, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा झूम करा.

चाक नव्हतं हे लक्षात ठेवा. मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवायच्या, मग थापून, घासून एकजीव करायच्या. तरी काही वाडगे इतके सारखे गोल की आमचा इंजिनिअर नवरा पण गप्प झाला.

आणि आता खापराची फुटलेली कड. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, तुकडा समोरून बघू नका, बाजूने बघा, जिथे तुटलाय तिथे. सँडविचसारखे थर दिसतात, बाहेर तांबूस किंवा तपकिरी आणि मधे काळपट, म्हणजे भट्टी नव्हती, उघड्यावर लाकडं रचून भाजलं आणि आतपर्यंत हवा पोचली नाही. आणि त्या कडेत बारीक बारीक कण दिसतात वेगळ्या रंगाचे. ते कण म्हणजे जुन्या फुटलेल्या मडक्यांचा चुरा! नुसती माती वाळताना तडकते म्हणून तिच्यात काहीतरी कोरडं मिसळावं लागतं, आपल्याकडे कुंभार राख घालतो, घोड्याची लीद घालतो, हे लोक जुनी खापरं कुटून घालायचे. कधी हरणाची भाजलेली हाडं कुटून. म्हणजे आजीचं मडकं फुटलं की त्याचा चुरा नातीच्या मडक्यात, ते फुटलं की पुढच्या मडक्यात. मी पोराला म्हटलं आपण खापरपणजोबा म्हणतो ना, हे बघ खरंखुरं खापरपणजोबांचं खापर. त्याला जोक कळला नाही, नवऱ्याला कळला पण तो हसला नाही. असो.

माझं थोडं बॅकग्राउंड. माहेर संगमनेर, जोर्वे तिथून अगदी जवळ. हो तेच जोर्वे, जिथे १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया सरांनी आणि देव सरांनी खोदकाम केलं आणि ज्याच्या नावाने अख्खी जोर्वे संस्कृती ओळखली जाते, साधारण साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीची. लहानपणी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, आम्ही नदीकाठी मिळतील ती खापरं घेऊन ठिकरी खेळायचो, आता विचार केला की पोटात गोळा येतो की त्यात काय काय असेल. जोर्व्याची खापरं लाल, त्यावर काळ्या रंगाने काढलेली नक्षी, चाकावरची आणि इतकी कडक भाजलेली की वाजवली तर खणखण आवाज येतो. कॅडोची चाकाशिवाय, रंगवलेली नाही तर कोरलेली, आणि आवाज म्हणाल तर बद्द. पण एक गंमत, वाडग्याचा आकार! मधे कंबरेत एकदम कोन करून वळलेला वाडगा जोर्व्यात पण आहे आणि इथे पण. संबंध काडीचाही नाही, मधे हजारो वर्षं आणि दोन महासागर, पण हाताला तो कोन दोन्हीकडे सुचला. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी होते, आईंनी दोनदा हाक मारली.

१९३९ ते ४१ मध्ये इथे मोठं खोदकाम झालं, युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचं, आणि मजूर आले मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेतून, आपल्या रोजगार हमीसारखंच समजा. जमीन डेव्हिस नावाच्या माणसाची होती म्हणून खापरवाल्यांच्या जगात या जागेला अजून जॉर्ज सी. डेव्हिस साइटच म्हणतात. हजारो तुकडे निघाले आणि त्यावरून नक्षीचे प्रकार ठरवून नावं दिली गेली.

आता माझा मुद्दा. अखंड भांडं सुंदर असतं हे मान्य. पण कॅडोंची जी अखंड भांडी जगभर म्युझियममध्ये आणि लोकांच्या शोकेसमध्ये आहेत ती बहुतेक कुठून आली? थडग्यांतून. मेलेल्या माणसाबरोबर अन्न-पाण्याची भांडी पुरायची पद्धत होती. लोकांनी वर्षानुवर्षं ती उकरून काढून विकली. १९९० चा फेडरल कायदा आला तेव्हापासून पुरलेल्या वस्तू आणि अस्थी त्या त्या नेशनला (म्हणजे मूळ रहिवाशांच्या त्या त्या जमातीला) परत करायची सक्ती म्युझियमवर आली. आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या आपल्याकडे मयताला मडकं फोडतात आणि यांच्याकडे अखंड ठेवत होते होय. बरोबर उलटं. पण खापर हे थडग्यातलं नसतं सहसा, ते घरातलं असतं, अंगणातलं, उकिरड्यावरचं. कुणाच्या तरी हातातून निसटलं, कुणीतरी कुणावर तरी खापर फोडलं असेल, आणि झाडून टाकून दिलं. बाहेरून काजळी असते त्यावर. मला ते बघताना कुणाच्या कबरीत डोकावल्यासारखं वाटत नाही.

वेळ असेल तर तसंच हायवे २१ ने पुढे सॅन ऑगस्टिनला जा, नॅकोडोचेसच्या पुढे अजून पाऊण तास. तिथे मिशन डोलोरेस. कॅडो माउंड्स म्हणजे युरोपियन यायच्या आधीची गोष्ट, आणि डोलोरेस म्हणजे नंतरची. स्पॅनिश पाद्र्यांचं मिशन, १७२१ ते १७७३, तिथल्या आयिश लोकांना ख्रिश्चन करायला काढलेलं. पन्नास वर्षांत बाप्तिस्मे झाले बोटांवर मोजण्याइतके. पण खोदकामात काय निघालं तर ढिगाने कॅडो खापरं! मेक्सिकोहून चिनीमातीची भांडी येणार कधी आणि पोचणार कधी, त्यामुळे पाद्रीबुवा जेवत होते कॅडो बायकांच्या मडक्यांतच. लुइझियानात लॉस अडायेसला, जी काही काळ टेक्सासची राजधानी होती, तिथे पण हेच, उलट तिथे तर कॅडोंनी स्पॅनिश पद्धतीच्या प्लेटा पण आपल्याच मातीत करून दिल्यात. धर्म नाही घेतला पण ऑर्डर घेतली.

या उशिराच्या काळातल्या खापरांचा चेहरा पण वेगळा. नेचेस आणि अँजेलिना नद्यांच्या बाजूला गवताच्या जुडीने अंगभर ओरखडे काढलेली मडकी सगळ्यात जास्त, शेणाने सारवल्यावर बोटांचे फराटे उठतात ना तसे दिसतात. आणि पॅटन एन्ग्रेव्ड नावाचा प्रकार, कोरलेली रेघ आणि तिच्या कडेला बारीक बारीक दात, करवतीसारखे. दात असलेली रेघ दिसली की तो माणूस साधारण १६५० नंतरचा समजायचा. त्याच मातीत निळे काचेचे मणी, बंदुकीचे सुटे भाग पण मिळतात. एवढ्याशा दातांवरून शतक ठरतं, मला हे अजून पचलेलं नाही. बरं गाव म्हणजे आपल्यासारखं दाटीवाटीचं पण नसायचं, कोकणातल्या वाड्यांसारखं, एक घर, त्याचं शेत, मग मोकळं, मग दुसरं घर. १६९१ च्या स्पॅनिश मोहिमेतला रेड रिव्हरकाठच्या गावाचा एक नकाशा आहे त्यात अगदी तसंच काढलंय. म्हणून खापरं पण मैलभर विखुरलेली मिळतात, एका जागी ढीग नाही.

आता तक्रार, आणि ती या दोन्ही जागांबद्दल नाही. परत येताना एका गावात (गाव आणि दुकान दोन्ही सांगत नाही) अँटिकच्या दुकानात थांबलो, आईंना चहा हवा होता आणि शेजारी कॅफे होता. दुकानात काउंटरवर काचेची बरणी, आपल्याकडे लिमलेटच्या गोळ्या असायच्या तशी, आत खापरं. पाच डॉलरला एक. हलवून आवडेल ती निवडा. मी विचारलं कुठली? म्हणे शेतातली. कुठल्या शेतातली? खांदे उडवले. नवऱ्याने बिचाऱ्याने प्रेमाने कार्ड बाहेर काढलं होतं, तुला एवढं आवडतं तर घे ना एक. त्या बरणीत मला दात असलेली रेघ दिसली, खरं सांगते, आणि हात शिवशिवला. नाही घेतलं. खाजगी जमिनीतलं थडगं सोडून बाकी टेक्सासात मालकाचं असतं म्हणे, म्हणजे कायद्याने त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही कदाचित, पण त्या बरणीतल्या खापराचं गाव कुठलं, घर कुठलं, शेजारी मणी होता का कोळसा होता, सगळं गेलं. पोराने मात्र मोठ्याने विचारलं, "मम्मा, त्या आंटी तर म्हणाल्या होत्या उचलायचं नाही, मग यांनी कसं उचललं?" दुकानदाराला मराठी येत नव्हतं हे बरं. दुकानाला शून्य स्टार, कॉफी पण पाणचट.

घ्यायचंच असेल तर आजच्या कॅडो कुंभारांचं काम घ्या. हे लोक संपलेत असं समजू नका, १८५९ मध्ये त्यांना टेक्सासातून हाकललं, आता कॅडो नेशनचं ऑफिस ओक्लाहोमात बिंगरला आहे. मडक्यांची कला मधे जवळजवळ बुजली होती, जेरी रेडकॉर्न बाईंनी १९९० च्या दशकात जुनी भांडी बघून, स्वतः चुकत माकत परत उभी केली. त्यांचं एक भांडं ओबामांच्या ओव्हल ऑफिसात ठेवलं होतं. आणि हो, "टेक्सास" हा शब्दच मुळात कॅडोंचा, टेशा म्हणजे दोस्त. दोस्त म्हणून नाव घेतलं आणि दोस्तालाच बाहेर काढलं, काय बोलायचं.

प्रॅक्टिकल गोष्टी पटकन. एप्रिलनंतर जाऊ नका, उकडतं आणि डास फोडून काढतात, नोव्हेंबर किंवा मार्च बेस्ट. गवतात टिक (गोचीड) असतात, फुल पँट घाला. आसपास व्हेज खायला जवळपास काही नाही, आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती आणि झाडाखाली बसून खाल्ली. सोमवारी जाऊ नका आणि निघायच्या आधी वेळ चेक करा. चालायला फार नाही, पाऊण मैलाच्या आसपास वाट आहे, आईंचे गुडघे दुखतात तरी जमलं. टेकाडावर चढायचं नाही. लहान मुलांना आधी खापराची कड कशी बघायची ते सांगून न्या, नाहीतर ती बोअर होतात.

रेटिंग साडेचार. अर्धा कापला तो ईस्ट टेक्सासच्या हवेचा, साइटचा नाही.

जाता जाता, गेल्या आठवड्यात बाल्कनीतली तुळशीची कुंडी वाऱ्याने पडून फुटली. मी झाडू घेऊन आले तर चिरंजीवांनी सगळे तुकडे पेपरवर मांडलेले, काठाचे वेगळे, पोटाचे वेगळे, बुडाचे वेगळे, आणि वहीत लिहिलेलं, नक्षीवाले ३, साधे २२. आईंनी शेजारी खुर्ची टाकलेली आणि सांगत होत्या की अरे तो काठाचा नाहीये, नीट बघ, बाजूने बघ.